अ‍ॅना नीथलिंग-पोल : आफ्रिकान्स रंगभूमीवरील नटी आणि नाट्यशिक्षिका यांच्या कारकिर्दीचे मोजमाप कसे करावे?

मेघना_र

दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स (डचमधून निघालेली तेथील भाषा) रंगभूमीविषयी मराठीत फारसे लेखन झालेले नाही, आणि त्याचे एक कारण उघडच राजकीय आहे. तेथील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीवरून भारताने १९४६ मध्येच त्या देशाशी व्यापार थांबवला, पुढे कित्येक दशके आपल्या पारपत्रातून तो देश वगळलेला असे, आणि राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते थेट १९९३ मध्ये. त्यामुळे तेथील जे नाटक आपल्यापर्यंत पोहोचले ते बहुतेक इंग्रजीतले आणि वर्णभेदाच्या विरोधात उभे राहिलेले होते. सत्ताधाऱ्यांच्या भाषेत, सरकारी अनुदानावर आणि केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या सभागृहांत जे नाटक वाढले, त्याच्याकडे आपण वळूनही पाहिले नाही.

सध्या मी अ‍ॅना नीथलिंग-पोल (१९०६–१९९२) यांच्याविषयी वाचत आहे. त्या नटी होत्या, दिग्दर्शिका होत्या आणि अनुवादकही होत्या. प्रिटोरियात १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या ‘फोल्क्सटेआटर’ या नाट्यसंस्थेच्या त्या आधारस्तंभ होत्या, आणि पुढे प्रिटोरिया विद्यापीठात त्यांनी नाट्यशिक्षणाची घडी बसवली. त्यांची बहीण त्रुइडा ही आफ्रिकान्समधील थोर कवी एन. पी. फान वेक लो यांची पत्नी, म्हणजे साहित्य आणि रंगभूमी या दोन्हींचे केंद्र जणू एकाच कुटुंबात होते.

मात्र याच नीथलिंग-पोल बाईंनी १९५२ मध्ये केपटाऊनला झालेल्या, केपला डच वसाहत स्थापणाऱ्या फान रीबेकच्या त्रिशताब्दी उत्सवातील भव्य शोभादृश्यांची धुरा वाहिली. गोऱ्यांच्या आगमनाला तीनशे वर्षे झाली म्हणून सरकारी आशीर्वादाने झालेला तो सोहळा होता, आणि वर्णभेदाचे धोरण तेव्हा नुकतेच कायद्यांत उतरत होते.

माझा प्रश्न असा आहे. जिने एका तरुण भाषेला रंगमंचावर बोलायला शिकवले आणि नटांच्या पुढच्या पिढीच्या शिक्षणाचा पाया घातला, तिचे काम त्या भाषेच्या राज्यकर्त्यांच्या कामापासून वेगळे काढून तपासता येते का? एक विनंती आहे : मराठी रंगभूमीशी तुलना सुरू झाली की मूळ विषय हरवतो, तेव्हा शक्यतो ती टाळावी.

खवचट_खान

तुलनेस बंदी घातल्यामुळे या संकेतस्थळावरील निम्मे सदस्य आजच मूक झाले आहेत. मी मात्र वाचत राहीन.

जोहान्सबर्गकर

मेघनाताई, विषय काढल्याबद्दल आभार. मी येथे नोकरीनिमित्त राहतो आणि आफ्रिकान्स कामापुरती समजते, तरी नाटके पाहण्याचा नाद आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो.

आफ्रिकान्स ही राजभाषा झाली १९२५ मध्ये. तोवर चर्च आणि कचेरी यांची लिखित भाषा डच होती, आणि संपूर्ण बायबल आफ्रिकान्समध्ये छापले गेले ते १९३३ साली. व्यावसायिक आफ्रिकान्स नाटकाची सुरुवातही याच सुमाराची, आणि ती करून देणाऱ्यांत पॉल दे ख्रूत हा हॉलंडहून आलेला नट अग्रभागी होता. मंडळ्या मोटारींतून सामान लादून गावोगाव हिंडत आणि नगरभवनात किंवा शाळेच्या सभागृहात खेळ करीत. धर्मनिष्ठ कॅल्विनपंथी समाजात नाटकाकडे संशयाने पाहणारे वडीलधारे पुष्कळ असल्यामुळे एखाद्या गावात प्रेक्षक मिळवणे हीच पहिली कसोटी असे.

या फिरस्त्या परंपरेतील सर्वांत मोठे नाव आंद्रे ह्युगेनेट यांचे आहे. जन्म ब्लूमफाँटेनचा, साल १९०६, म्हणजे अ‍ॅनाबाईंचेच. मूळ नाव खेरहार्डुस पेट्रुस बोर्स्टलॅप होते. असे नाव फलकावर शोभणार नाही हे त्यांनी वेळीच ओळखले असावे. स्वतःची मंडळी काढणे, ती बुडणे आणि पुन्हा काढणे यातच त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्यांनी १९४७ मध्ये आफ्रिकान्स भाषेतला हॅम्लेट उभा केला, १९५० मध्ये ‘अ‍ॅप्लाउस’ हे आत्मकथन लिहिले, आणि १९६१ मध्ये ते वारले. ब्लूमफाँटेनमधील एका नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे.

एकाच वर्षी जन्मलेल्या या दोघांच्या वाटा शेजारी ठेवून पाहाव्यात. ह्युगेनेट अखेरपर्यंत नट म्हणून तिकीटविक्रीवर जगले. अ‍ॅनाबाई नभोवाणी, संस्था आणि विद्यापीठ यांच्या आश्रयाला गेल्या. आफ्रिकान्स रंगभूमीवर टिकायचे असेल तर शिकवण्याची जोड हवी, हा धडा नंतरच्या बहुतेकांनी घेतला.

प्रयोगशील

मी स्वतः नाट्यशिक्षक आहे, त्यामुळे या प्रश्नाच्या शिकवण्याच्या बाजूविषयी लिहितो. जोहान्सबर्गकर यांनी आर्थिक कारण दिले आहे आणि ते खरेच आहे, परंतु माझ्या मते त्याहून महत्त्वाचे कारण वाणीचे आहे.

अशी कल्पना करा की आपली भाषा घरात, शेतावर आणि गुरांच्या बाजारात बोलली जाते, पण तिच्यात राजा कसा बोलेल, सेनापती कसा बोलेल, अपराधाच्या ओझ्याखाली दबलेली राणी कशी बोलेल, हे कोणीही कधी ऐकलेले नाही. एल. आय. कूर्टसे यांनी हॅम्लेटचे भाषांतर केले, परंतु ते शब्द पेलणारा श्वास नटाकडे हवा होता. सुरुवातीच्या नटांपुढे दोनच नमुने होते : हॉलंडच्या नटांची डच वळणाची पल्लेदार बोली आणि चर्चमधील प्रवचनाचा सूर. दोन्ही कृत्रिम वाटत. तिसरा नमुना घडवण्याचे काम वर्गात आणि नभोवाणीच्या ध्वनिमुद्रण कक्षात झाले. आफ्रिकान्स नभोवाणी सेवा १९३७ मध्ये सुरू झाली, आणि ज्या घरांत नाटक कधी शिरले नव्हते तेथे नटाचा आवाज रोज संध्याकाळी पोहोचू लागला. शेजारच्या शेतावरच्या माणसासारखे वाटावे आणि तरीही शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक व्यंजन ऐकू जावे, असा उच्चार हजार ठिकाणी सुधारून सुधारूनच तयार होतो.

फान वेक लो यांचे ‘जर्मानिकुस’ हे पद्यनाटक १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. रोमन सेनापती सत्ता नाकारतो आणि त्या नकारातच संपतो, असा त्याचा विषय आहे. कृती जवळजवळ नाही, लांबच लांब पद्यपंक्ती आहेत. असे नाटक लिहिण्याचे धाडस कवीला होते, याचा अर्थ ते बोलू शकणारे नट तोवर तयार झाले होते. हे श्रेय नीथलिंग-पोल यांच्यासारख्या शिक्षकांचे आहे, आणि कोणाच्याही राजकारणामुळे ते कमी होत नाही असे माझे ठाम मत आहे.

विनायक_इतिहास

प्रयोगशील यांचे मत सुंदर शब्दांत मांडलेले आहे, पण १९५२ चा उत्सव त्यांनी अलगद बाजूला ठेवला आहे.

तो उत्सव म्हणजे केवळ नाटकी मिरवणूक नव्हती. नॅशनल पक्ष १९४८ मध्ये सत्तेवर आला होता. लोकसंख्या नोंदणी कायदा आणि वस्ती-विभाजनाचा कायदा हे दोन्ही १९५० चे. अशा वेळी गोऱ्या समाजातील इंग्रज आणि आफ्रिकानर (आफ्रिकान्सभाषक गोरे) या दोन गटांना एका इतिहासाचे वारस म्हणून उभे करायचे होते, आणि त्यासाठी फान रीबेकचे किनाऱ्यावर उतरणे जिवंत करून दाखवले गेले. फान रीबेकची भूमिका कोणी केली? वर उल्लेख आलेल्या आंद्रे ह्युगेनेट यांनीच. म्हणजे एक नट आणि एक दिग्दर्शिका, दोघेही आपापल्या कलेच्या शिखरावर असताना, तेच कसब घेऊन तेथे हजर होते.

उत्सव चालू असतानाच, ६ एप्रिल १९५२ रोजी, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने देशभर निदर्शने केली. २६ जूनला तिने आणि साउथ आफ्रिकन इंडियन काँग्रेसने मिळून अन्यायी कायदे मोडण्याची मोहीम सुरू केली. केपटाऊनमधील अनेक अश्वेत संघटनांनी उत्सवावर बहिष्कार घातला होता. शोभादृश्यात पात्रे लागतात, आणि ज्यांच्या पूर्वजांची पात्रे हवी होती त्यांतील बहुसंख्य लोक आलेच नाहीत. रंगभूमीच्या इतिहासात न आलेल्या नटांची नोंद कोणी ठेवत नाही. या प्रकरणात ती ठेवली पाहिजे.

अनुराधा_जो

विनायकराव, मुद्दा मान्य आहे. परंतु नटाने एखादी भूमिका केली म्हणजे तो त्या सत्तेचा झाला, असे सरसकट म्हणता येईल का? भूमिका ही नोकरी असते. त्या काळी आफ्रिकान्स नटाला पूर्ण वेळ काम देणारे होतेच कोण?

विनायक_इतिहास

अनुराधाताई, नटाच्या बाबतीत मी अर्धे मान्य करीन. उत्सवाची दृश्ये रचणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत मान्य करणार नाही. कोणता प्रसंग दाखवायचा, कोणाला उंचावर उभे करायचे आणि कोणाला गर्दीत मिसळायचे, हे निर्णय दिग्दर्शकाचे असतात.

खवचट_खान

नटाला सूट आणि दिग्दर्शकाला शिक्षा, हा न्याय ऐकून आमच्या हौशी मंडळातील सर्व नट आनंदित झाले आहेत.

जोहान्सबर्गकर

अनुराधाताईंनी विचारले आहे की पूर्ण वेळ काम देणारे कोण होते, तर त्याचे उत्तर फार नेमके आहे : सरकार. राष्ट्रीय नाट्य संघटना १९४७ मध्ये स्थापन झाली. ती इंग्रजी आणि आफ्रिकान्स अशा दोन्ही भाषांत दौरे काढी. पी. पी. बी. ब्रायटेनबाख हे तिचे प्रमुख मूळचे शिक्षणक्षेत्रातले होते, आणि प्रिटोरियातील एक नाट्यगृह त्यांच्या नावाने आजही ओळखले जाते. तिच्या जागी १९६३ मध्ये चार प्रांतांची चार कलामंडळे आली. ट्रान्सव्हालचे ट्रुक, केपचे क्रुइक, फ्री स्टेटचे सुकोफ्स आणि नातालचे नारुक. त्यांच्याकडे पगारी नटसंच होते, शिवणकामाचे विभाग होते, सुतारशाळा होत्या, ऑपेरा आणि बॅलेही होते. आजच्या कोणत्याही नटाला हेवा वाटावा अशी ती व्यवस्था होती.

आणि तिच्याच शेजारी दुसरी रांग होती. १९६५ च्या एका शासकीय घोषणेने मिश्र प्रेक्षक आणि मिश्र नटसंच यांवर बंदी आली. केपटाऊनचे निको मालान नाट्यगृह १९७१ मध्ये उघडले ते केवळ गोऱ्यांसाठी, आणि १९७५ पर्यंत तसेच राहिले. आज तेच आर्टस्केप म्हणून ओळखले जाते.

इरा_डर्बन

मी डर्बनची, आणि येथील भारतीय रंगभूमी ही माझ्या जिव्हाळ्याची बाब आहे. शिक्षणाचा मुद्दा निघाला म्हणून दोन गोष्टी सांगते, कारण त्यांचा मुंबईशी खरा संबंध आहे.

विद्यापीठ शिक्षण विस्तार कायदा १९५९ चा. नाव ‘विस्तार’, पण त्याने विद्यापीठे वर्णानुसार विभागली. केपच्या मिश्रवर्णीयांसाठी वेस्टर्न केप येथे आणि भारतीयांसाठी डर्बनला वेगळी महाविद्यालये निघाली. भारतीयांचे महाविद्यालय सुरुवातीला सॅलिसबरी बेटावर भरत असे. म्हणजे प्रिटोरिया किंवा स्टेलेनबॉश येथे आफ्रिकान्स नाट्यशिक्षणाचा सुवर्णकाळ सुरू होत होता, तेव्हा त्या वर्गात कोण बसणार हे आधीच ठरलेले होते. त्याचेच पुढे डर्बन-वेस्टव्हिल विद्यापीठ झाले, आणि तेथे प्रा. देवी बुगवान यांनी वाणी आणि नाट्य विभाग चालवला. त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर सरकारी कलामंडळाची पगारी नोकरी नव्हती.

दुसरी गोष्ट कृष्णा शाह यांची. मुंबईत जन्मलेला हा तरुण दिग्दर्शक १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रवींद्रनाथांचे ‘राजा’ इंग्रजीतून घेऊन दक्षिण आफ्रिकेत आला. त्याच्या कार्यशाळांनी डर्बनच्या हौशी भारतीय नटांना इतके भारावून टाकले की रॉनी गोव्हेंडर, मुथल नायडू आदींनी १९६४ मध्ये काढलेल्या संस्थेला त्याचेच नाव दिले : शाह थिएटर अकादमी. एका पाहुण्या शिक्षकाच्या अल्प मुक्कामातून एक परंपरा निर्माण झाली. तेव्हा शिक्षकाच्या कारकिर्दीचे मोजमाप करताना खुर्ची किती वर्षे सांभाळली, हा निकष मला अपुरा वाटतो.

प्रयोगशील

इराताई, ही माहिती मौल्यवान आहे. परंतु आपण नकळत एका शिक्षिकेवर कायद्याचा दोष टाकत आहोत का? वर्गात कोण येणार हे संसदेने ठरवले होते.

इरा_डर्बन

दोष टाकत नाही. मात्र आपण वर ‘उच्चार घडवला’ असे ज्याला म्हणालात, तो उच्चार कोणाचा होता हे विचारते. आफ्रिकान्स ही गोऱ्यांइतकीच केपमधील मिश्रवर्णीयांचीही मातृभाषा आहे. त्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आले, त्यांत बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेले लोकही होते. ही भाषा घडवण्यात त्यांचा वाटा मूळचा आहे. त्यांची काप्स बोली जहाल, विनोदी आणि वेगवान आहे. नाट्यविभागांत ‘शुद्ध’ म्हणून जो उच्चार घोटून घेतला गेला त्यात ती बसत नव्हती. मग अ‍ॅडम स्मॉल यांनी १९६५ मध्ये ‘कान्ना हे को हेस्टू’ हे नाटक त्याच बोलीत लिहिले. स्मॉल वेस्टर्न केप विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. शिकायला परदेशी गेलेला मुलगा, त्याची वाट पाहणारी अपंग मानलेली आई मकीत, वस्तीतून उठवले गेलेले कुटुंब, आणि मुलगा येतो तो केवळ अंत्यविधीला. काळाची उलटसुलट मांडणी आणि मधूनच येणारे आवाज यांमुळे ते आजही ताजे वाटते.

सरकारी कलामंडळाने १९७० च्या दशकात ते रंगमंचावर आणले, तेव्हा त्या मिश्रवर्णीय कुटुंबाच्या भूमिका गोऱ्या नटांनी केल्या. कसलेले, उत्तम शिकलेले नट होते. हीच माझी अडचण आहे.

पडद्यामागचा

यावर काय लिहावे सुचेना. इराताईंचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला.

अनुराधा_जो

आफ्रिकान्स साहित्यातील सर्वोच्च मानला जाणारा हर्त्झोग पुरस्कार स्मॉल यांना मिळाला तो २०१२ मध्ये, म्हणजे नाटक आल्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी. नंतर स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या एच. बी. टॉम नाट्यगृहाच्या संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले. टॉम हे त्या विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि राष्ट्रवादी इतिहासकार म्हणून ओळखले जात.

खवचट_खान

मुळात एवढे गंभीर वाचण्याची मला सवय नाही, म्हणून एक भाबडी शंका विचारतो. ज्या चित्रपटात आकाशातून कोकच्या बाटलीचे आगमन होते, आणि जो आमच्या लहानपणी सर्वांनी पोट धरून पाहिला, त्यातील ती शिक्षिका आणि तो धडपडणारा शास्त्रज्ञ याच रंगभूमीवरचे का?

जोहान्सबर्गकर

होय. ‘द गॉड्स मस्ट बी क्रेझी’ या १९८० च्या चित्रपटातील सांड्रा प्रिन्सलू आणि मारिउस वेयर्स हे दोघेही आफ्रिकान्स रंगभूमीचे मोठे नट. आणि खानसाहेब, तुमची शंका भाबडी असली तरी ती आपल्याला मूळ प्रश्नाकडे नेते, कारण सांड्रा प्रिन्सलू यांचे नाट्यशिक्षण प्रिटोरिया विद्यापीठातले.

१९८५ मध्ये केपटाऊनच्या बॅक्स्टर नाट्यगृहात स्ट्रिंडबर्ग यांचे ‘मिस ज्युली’ झाले. ज्युली होत्या प्रिन्सलू आणि नोकर जाँ होते जॉन कानी. गोरी मालकीण आणि काळा नोकर यांच्यातील प्रणय आणि चुंबन रंगमंचावर आले तेव्हा काही प्रेक्षक उठून बाहेर गेले, आणि दोघांनाही रोषाला तोंड द्यावे लागले. आंतरवर्णीय विवाह आणि शरीरसंबंध यांवरील बंदी त्याच वर्षी उठली होती, पण मने कायद्याबरोबर बदलली नव्हती. सरकारी कलामंडळांची तयार नटी असलेल्या बाईंनी ही भूमिका स्वीकारली. ज्या विभागाचा पाया नीथलिंग-पोल यांच्या पिढीने घातला, त्याच विभागातून हे धैर्यही बाहेर पडले.

विनायक_इतिहास

धैर्य प्रिन्सलू यांचे आणि कानी यांचे. कानी यांनी तर त्याआधीच तुरुंगाची हवा खाल्ली होती. विभागाला ते श्रेय कशासाठी?

प्रयोगशील

कारण उठून जाणाऱ्या प्रेक्षकांसमोर पुढचे वाक्य न डगमगता म्हणणे हे शिकवावे लागते. धैर्य मनात असले तरी कंठ दाटला की ते कोणाला ऐकू जात नाही.

विनायकराव, आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा प्रस्थापित आफ्रिकान्स गोट एकसंध नव्हता. नीथलिंग-पोल यांचे मेहुणे फान वेक लो यांना १९६६ मध्ये प्रजासत्ताकाच्या पाचव्या वर्धापनदिनासाठी नाटक लिहायला सांगितले गेले. त्यांनी ब्रिटिश आणि बोअर (आफ्रिकानरांचे पूर्वज) यांच्यातील अँग्लो-बोअर युद्धावर ‘दी प्लुइमसाट वाय फेर’ लिहिले. पहिलाच प्रश्न होता : राष्ट्र म्हणजे काय? त्यात शूर बोअर होते, तसे थकलेले, फितूर झालेले आणि शंकेने पोखरलेले बोअरही होते. पंतप्रधान फेरवुर्ड यांनी जाहीर भाषणातून नापसंती व्यक्त केली. आपल्या कवींनी राष्ट्राच्या पराक्रमाचे गुणगान करावे अशी त्यांची अपेक्षा होती. सरकारी उत्सवासाठी लिहिलेले नाटक सरकारप्रमुखाला झोंबते, यावरून त्या गोटातल्या ताणाचा अंदाज यावा.

विनायक_इतिहास

तो ताण घरातल्या घरातला होता. युद्धातील बोअरांचे मन दुभंगलेले दाखवले म्हणून पंतप्रधान रागावले. त्या युद्धात छळछावण्यांत मेलेल्या काळ्या माणसांविषयी त्या वादात कोणी बोलले का? तरीही तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि मी त्यावर विचार करीन.

पडद्यामागचा

मी प्रकाशयोजना आणि नेपथ्य यांचे काम करतो, त्यामुळे मतांपेक्षा व्यवस्थेविषयी बोलणे मला अधिक जमते. १९९४ नंतर या पगारी नटसंचांचे काय झाले, हे कोणी लिहिले नाही.

नव्या सरकारने कलेचा पैसा सर्व समाजांत वाटायचे ठरवले, आणि ते न्याय्यच होते. कलामंडळांचे अनुदान टप्प्याटप्प्याने कमी झाले, कायम नटसंच विसर्जित झाले आणि मोठी नाट्यगृहे बाहेरच्या प्रयोगांना जागा देणारी वास्तू बनली. आफ्रिकान्स नाटक मग महोत्सवांत गेले. औट्सहूर्नचा क्लेन कारू महोत्सव १९९५ पासून, पोचेफस्ट्रूमचा आर्डक्लॉप १९९८ पासून आणि स्टेलेनबॉशचा वोर्टफेस २००० पासून चालू आहे. औट्सहूर्न हे शहामृगांच्या शेतीचे गाव. तेथे महोत्सवाच्या दिवसांत शाळांची सभागृहे नाट्यगृहे होतात. एकाच सभागृहात दिवसभरात वेगवेगळी नाटके होत असल्याने नेपथ्य झटपट लावून झटपट उतरवावे लागते. म्हणून पात्रे कमी, सामान कमी आणि एकपात्री प्रयोग अधिक. ह्युगेनेट यांच्या काळची मोटारीत मावणारी रंगभूमी सत्तर वर्षांनी परत आली, फरक इतकाच की आता गावोगाव हिंडण्याऐवजी प्रेक्षकच एका गावात येतात.

अशा परिस्थितीत नटाचे वर्षभराचे पोट दूरचित्रवाणी मालिकांवर आणि शिकवण्यावर चालते. रेल्वे कर्मचाऱ्यांनी १९३० मध्ये काढलेली ए.टी.के.व्ही. ही भाषा आणि संस्कृती संघटना शाळांच्या नाट्यस्पर्धा घेते. या स्पर्धांसाठी संहिता लिहिणारे, दिग्दर्शन करणारे आणि परीक्षण करणारे अनेकदा व्यावसायिक नटच असतात. आपल्याकडे हे चित्र कसे आहे यावर बोलायचा मोह होतो, पण मेघनाताईंची विनंती आठवते.

खवचट_खान

मोह आवरल्याबद्दल अभिनंदन. मी तर तीन प्रतिसाद लिहून खोडले.

अनुराधा_जो

मूळ प्रश्नाला दुसऱ्या एका कारकिर्दीची जोड द्यावीशी वाटते. रेझा दे वेट यांचा जन्म १९५२ चा, फ्री स्टेटमधील सेनेकाल गावचा. त्याही आधी नटी, मग ग्रॅहम्सटाउनच्या ऱ्होड्स विद्यापीठात नाट्यशास्त्राच्या प्राध्यापिका. त्या इंग्रजी माध्यमाच्या विद्यापीठात शिकवत आणि नाटके आफ्रिकान्समध्ये लिहीत. त्यांचे ‘दीपे ख्रोंट’ १९८० च्या दशकाच्या मध्यावर आले. शेतावरच्या गोड बालपणाच्या ज्या गोष्टी प्रत्येक आफ्रिकान्स मुलाने वाचलेल्या असत, त्या गोष्टींतलीच भावंडे त्यांनी मोठी करून दाखवली : आईबापांचा खून केलेली, एकमेकांत गुरफटलेली, काळ्या दाईच्या सावलीत राहणारी. नाटकात वर्णभेद हा शब्दही येत नाही, तरी त्या घराची हवा गुदमरवून टाकते. जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरमध्येही त्याचे प्रयोग झाले. दे वेट यांना हर्त्झोग पुरस्कार १९९४ आणि १९९७ असा दोनदा मिळाला, आणि २०१२ मध्ये त्या गेल्या.

नीथलिंग-पोल यांनी घडवलेली भाषा हाती आली नसती, तर दे वेट यांना ती आतून पोखरताही आली नसती असे मला वाटते. शिकवणाऱ्याच्या कामाचा उपयोग पुढे कोण कशासाठी करील, हे त्याच्या हाती राहत नाही.

इरा_डर्बन

मार्केट थिएटरचा उल्लेख आला म्हणून सांगते की ती इमारत मुळात न्यूटाउनमधील भारतीय फळबाजाराची. बार्नी सायमन आणि मॅनी मॅनिम यांनी ती १९७६ च्या जूनमध्ये नाट्यगृह म्हणून उघडली. काहीच दिवस आधी, १६ जूनला, जोहान्सबर्गलगतच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतील शाळकरी मुलांवर गोळीबार झाला होता. त्यांचा विरोध कशाला होता? आफ्रिकान्स माध्यमातून शिकण्याच्या सक्तीला. अनुराधाताईंचे म्हणणे मला पटते, आणि तरीही ही तारीख त्याच्या शेजारी लिहून ठेवावीशी वाटते. एका वर्गात जी भाषा प्रेमाने घोटली जात होती, तीच दुसऱ्या वर्गात सक्तीने लादली जात होती, आणि शिक्षक दोन्हीकडे होते.

मेघना_र

सर्वांचे आभार. धागा सुरू करताना माझा कल प्रयोगशील यांच्या बाजूला होता, हे लपवत नाही, आणि बराचसा अजूनही आहे. मात्र आता या बाईंच्या कारकिर्दीचे दोन भाग मी वेगवेगळ्या दृष्टीने पाहीन. नभोवाणी, वर्ग आणि पद्यनाटकांची तालीम यांतील काम भाषेच्या पदरात पडले, आणि ते पुढे स्मॉल, दे वेट, प्रिन्सलू यांच्या काळातील रंगभूमीलाही उपयोगी पडले. १९५२ च्या उत्सवातील काम मात्र त्या क्षणापुरते आणि त्या हेतूपुरतेच होते. तेथे विनायकरावांचे म्हणणे मला मान्य करावे लागते, कारण शोभादृश्यात भाषा जवळजवळ नसतेच. तेथे असते ती मांडणी, आणि मांडणीचा अर्थ उघड होता.

एक गोष्ट अजून अनुत्तरित आहे. इराताईंनी विचारलेला उच्चाराचा प्रश्न आजच्या नाट्यविभागांत कसा हाताळला जातो? प्रिटोरिया विद्यापीठाने २०१९ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी अध्यापनाचे माध्यम केवळ इंग्रजी केले आहे. मग आफ्रिकान्स नट आता कोठे घडतो?

जोहान्सबर्गकर

स्टेलेनबॉशला आफ्रिकान्स अजून आहे, जरी तेथील भाषाधोरणाचा वाद २०१९ मध्ये घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला. काप्स बोलीतील नाटके आता महोत्सवांत मानाने होतात आणि त्यांना भरपूर गर्दी असते. ती बोली घरातून घेऊन आलेले नट रंगमंचावर आहेत, त्यांना ती कोणी शिकवावी लागत नाही. मी पाहिलेल्या प्रयोगांत विनोदाच्या जागी सर्वांत मोठा हशा त्याच बोलीला मिळाला.

अधिक वाचायचे असेल तर स्टेलेनबॉशचे प्रा. टेम्पल हाउप्टफ्लाइश यांनी सुरू केलेला दक्षिण आफ्रिकी रंगभूमीचा कोश महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. नटांच्या, मंडळ्यांच्या आणि नाट्यगृहांच्या नोंदी तेथे मिळतील.

विनायक_इतिहास

त्या कोशात डर्बनच्या भारतीय मंडळ्यांच्या नोंदीही आहेत का? असतील तर इराताईंनी त्यांवर स्वतंत्र धागा काढावा अशी माझी विनंती आहे.

इरा_डर्बन

शाह अकादमीविषयी नोंद आहे. पुढच्या आठवड्यात सवडीने लिहिते. त्या धाग्यावर तुलनेला बंदी नसेल, खानसाहेबांनी खोडलेले प्रतिसाद जपून ठेवावेत.